तारीख बरोबर करणारा फारूख

फारूख,

परवा पैठण गेटला तू दिसलास. मोबाईलच्या दुकानात, काउंटरच्या आत, कुणाच्या तरी फोनवर काच चिकटवत होतास. मी रस्त्यावर थांबून बघत राहिले. तुला वाटलं गिऱ्हाईक आलं, म्हणून मान वर केलीस. मला वाटलं, आता हा तोंड फिरवेल. फिरवलं असतंस तर बरं झालं असतं, घरी जाऊन आरामात चिडले असते. तू म्हणालास, "सलाम मॅडम. कॉम्प्युटर बरा आहे ना? व्हिडिओ चालतात?" मी म्हणाले, "चालतात." तू म्हणालास, "अपडेट आलं की थांबवू नका, होऊ द्या." आणि काचेखालचा बुडबुडा अंगठ्याने कडेला सरकवायला लागलास.

तुला तिथं बघून मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. राग आला, तुझाच. इतकं होऊनही माणूस एवढा नम्र कसा राहतो, याचा राग. तू मला चार शब्द ऐकवायला हवे होतेस. ते ऐकवले नाहीस म्हणून मला लिहावं लागतंय. तुला लांबलचक वाचायची सवय नाही हेही ठाऊक आहे. फिजिक्सची प्रश्नपत्रिकासुद्धा तू शेवटपर्यंत वाचत नसायचास. तेव्हा तू राहू दे, बाकीच्यांनाच सांगते.

फारूख माझ्या वर्गात होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा बसलाच नाही. मी त्याला वर्गात उभं करून "तुझ्या डोक्यात काय भरलंय?" असं विचारलेलं आहे. पण प्रयोगशाळेतली बंद पडलेली स्टॉपवॉचेस तो डबा खाता खाता चालू करून द्यायचा. त्याचा बाप, मोईनमियाँ, शहागंजात लाकडी टपरीत घड्याळं दुरुस्त करायचा. मोईनमियाँची एक पद्धत होती. दुकानात घड्याळ आलं की आधी किल्ली देऊन, काटे फिरवून ते वेळेवर आणायचं. मग गिऱ्हाईकाला विचारायचं, काय बिघडलंय? बंद घड्याळसुद्धा चुकीची वेळ दाखवत टपरीत पडलेलं त्याला खपत नसे. टपरीतली सगळी घड्याळं, चालती आणि मेलेली, एकच वेळ दाखवायची. लोक हसायचे. हाताने घड्याळ लावायचे दिवस संपले तसा मोईनमियाँही संपला, आणि पोरगा कॉम्प्युटर दुरुस्तीला लागला. दुकान नाही, काही नाही. एक स्कूटर, एक पाठीवरची बॅग. बापाची पद्धत तेवढी बरोबर घेऊन आला.

माझ्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर एकही व्हिडिओ चालत नव्हता. तीन जण येऊन गेले होते. एकाने ब्राउझर बदलला, दुसऱ्याने व्हायरस काढला म्हणून सांगितलं, तिसरा म्हणाला, आजी, नवीन मशीन घ्या. त्याला मी जिना दाखवला. मग कुणीतरी फारूखचं नाव सांगितलं. त्याने दारात चपला काढल्या, एकमेकींना समांतर लावल्या, खुर्चीत बसला, आणि कशालाही हात लावण्याआधी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला अजून दोन हजार नऊ चालू आहे."

"मग?"

"मग ह्याला आजची साइट सांगते की माझी सही दोन हजार एकवीसची. हा म्हणतो, ऐसी तारीख तो अभी आईच नहीं. खोटं बोलते. घुसूच देत नाही."

आतला बटणाएवढा सेल बदलला, तारीख घातली आणि व्हिडिओ सुरू झाला. सात मिनिटं. "दोनदा नापास झालास ते कशात रे?" मी विचारलं. "वेळेत पेपर पुरा करण्यात," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तेव्हापासून गारखेड्यात आमच्या भागातल्या निदान तीस घरांमध्ये मी त्याला लावून दिला. आधी तारीख, मग बाकीचं. नव्वद टक्के घरांत त्याचं तेवढ्यावर भागायचं.

आता साहेबरावचं.

साहेबराव आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन. करमाडकडचा. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको भामाबाई बारा वर्षं राहत होते. भामाबाई जिने झाडायची. तरुणपणी साहेबराव प्यायचा, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, कारण सोडली ते सांगायची त्याला हौस होती. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, बापाच्या देखत सोडली. त्याला बावीस वर्षं झाली होती. त्या एका गोष्टीचा त्याला इतका अभिमान होता की ऐकून कंटाळा यायचा.

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेसातला, पहिल्या मजल्यावरच्या अतुलने गाडी मागे घेतली आणि साहेबराव खाली पडला. खुब्याचं हाड मोडलं. घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. अतुल म्हणाला, "मी धडक दिलीच नाही. रात्रीची उतरली नव्हती त्याची, झोकांड्या खात येऊन गाडीवर पडला." प्रत्यक्ष बघणारं कुणी नाही. भामाबाई वर तिसऱ्या मजल्यावर होती.

मी घाटीत जाऊन आले. साहेबरावला दुःख हाडाचं नव्हतं, शब्दाचं होतं.

"बाई, मोडलं ते मोडलं. पन मला दारुडा म्हन्ले समद्यांसमोर. म्या घोट घेतला नाय बाई. तुमाला ठावं हाय."

भामाबाई जास्त व्यवहारी. "बाई, त्या डब्यात हाय ना समदं? गेटावरचा क्यामेरा बघतो ना? मंग बघा की त्यात. अध्यक्ष म्हंत्यात, पिऊन पडला आसंल तर खोली खाली करा."

अध्यक्ष म्हणजे बद्रीनाथराव, दुसऱ्या मजल्यावरचे. पिऊन पडला तर काम गेलं, खोली गेली आणि नाव गेलं. गाडीने पाडला तर अतुलने कबूल करायचं आणि साहेबरावने बरा होऊन पुन्हा गेटवर बसायचं. सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं.

डबा माझ्याच घरात, मागच्या खोलीत. मी सचिव, म्हणजे ज्यांना काम करायचं नाही अशा पंधरा घरांनी मिळून नेमलेली. चार कॅमेऱ्यांचं चित्र त्या डब्यातल्या डिस्कवर उतरतं आणि माझ्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून बघता येतं. येत होतं, असं म्हणायचं. ते बघायला ब्राउझरला एक प्लगइन लागायचं, म्हणजे जोडायचा जास्तीचा तुकडा, आणि तो तुकडा फक्त निळ्या 'ई'वाल्या जुन्या ब्राउझरला बसायचा. तो ब्राउझर त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद झाला. त्यावर टिचकी मारली की नवाच उघडायचा आणि काळ्या चौकोनात 'प्लगइन इन्स्टॉल करा' एवढंच यायचं. चार महिने आमच्यापैकी कुणी ते बघितलंही नव्हतं. कॅमेरे आहेत हे चोरांना दिसलं की झालं, अशी आमची समजूत.

शनिवारी फारूखला बोलावलं. बाहेर हॉलमध्ये बद्रीनाथराव आणि अतुल चहा घेत बसले होते. आत आम्ही दोघं.

दीड तास तो त्या काळ्या चौकोनाशी झगडला. नव्या ब्राउझरला जुन्याचं सोंग घ्यायला लावायची एक सोय असते, ती शोधून चालू केली. प्लगइन उतरवलं. बसलं म्हणून संदेश आला, पान पुन्हा उघडलं, पुन्हा 'प्लगइन इन्स्टॉल करा'. अँटिव्हायरस ती फाइल गुपचूप गिळत होता. त्याला आवरलं. मग ब्राउझर म्हणायला लागला, हा पत्ता भरवशाचा नाही. पत्ता भरवशाच्या यादीत घातला. फारूख मशीनशी दखनीत बोलायचा. "कायकू नखरे करता रे? चल ना बावा." मी मागे उभी राहून "झालं का?" विचारत होते. दर पाच मिनिटांनी विचारत होते, हे कबूल करते.

आणि एकदम चारही चौकोन उजळले. गेट, पार्किंग, जिना, गच्चीचं दार.

"आलं!" मी ओरडले. बाहेरून अतुल म्हणाला, "काय आलं?" त्याचा आवाज जरा वर गेला होता.

फारूखने मंगळवारची तारीख टाकली. रिकामं. सोमवारची, रिकामं. अख्खा जून कोरा. तेव्हा त्याचं लक्ष चित्राच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. डब्याच्या हिशेबाने ते साल दोन हजार होतं. वीज गेली की डबा तारीख विसरायचा आणि दोन हजार सालापासून पुन्हा मोजायला लागायचा.

"क्या मॅडम, तेवीस वर्षं मागे," तो म्हणाला, आणि हे म्हणता म्हणता त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटरची वेळ डब्याला द्यायचं बटण. विचार केला नाही. बापाच्या टपरीत चुकीचं घड्याळ जसं राहू शकत नव्हतं तसं. हात गेला आणि काम झालं.

मग त्याला जे सुचायला हवं होतं ते सुचलं. मंगळवारचं चित्र जूनमध्ये मिळणारच नव्हतं, ते दोन हजार सालातच साठलेलं असणार. त्याने कॅलेंडर मागे नेलं. जानेवारी दोन हजार. तिथं पाच-सहा दिवसांवर निळ्या खुणा होत्या. बोटांवर मोजून त्याने मंगळवार ठरवला, सकाळ शोधली, दाबलं.

चाललं. साहेबराव दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन टाकीकडून गेटकडे येत होता. ताठ. पाणी सांडत नव्हतं. मागे अतुलच्या गाडीचा मागे जायचा पांढरा दिवा लागला. आणि चौकोन काळा झाला.

फारूखने पुन्हा दाबलं. रेकॉर्डिंग नाही. कॅलेंडरमधली एक निळी खूण गेली. मग दुसरी. मग उरलेल्या सगळ्या.

डब्याला एक अट घातलेली होती. पंधरा दिवसांपेक्षा जुनं असेल ते आपोआप पुसायचं. ती अट बसवणाऱ्याकडून मीच घालून घेतली होती, सोळा घरांच्या येण्याजाण्याचा साठा मला माझ्या घरात नको होता म्हणून. फारूखने डब्याला आजची तारीख सांगितली आणि डब्याच्या दृष्टीने आतलं सगळं तेवीस वर्षांचं शिळं झालं.

फारूखने डब्याची पिन उपटली. "बघितलंत ना मॅडम? सरळ चालत होता."

"बघितलं."

हॉलमध्ये तो स्वतःच बोलला. लपवता आलं असतं, प्लगइनच चाललं नाही म्हणून सांगता आलं असतं. तो म्हणाला, "माझ्या हातून गेलं. मी तारीख बरोबर केली."

अतुलला हसू आवरेना. "अरे वा. तारीख बरोबर केली! छान केलंस की."

"पण आम्ही थोडं बघितलं," फारूख म्हणाला. "मॅडमनेपण बघितलं."

बद्रीनाथराव माझ्याकडे वळले. "काय पाहिलंत?"

"साहेबराव बादल्या घेऊन येताना पाहिला. गाडीचा मागचा दिवा लागलेला पाहिला."

"गाडी त्याला लागलेली पाहिली?"

"नाही."

"झालं तर मग."

"मॅडम," फारूख म्हणाला, "सरळ चालत होता ना? ते सांगा ना."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते मी," मी म्हणाले. जन्मभर पोरांना तेच शिकवलं होतं. आणि फारूखवर मी भयंकर चिडले होते. दीड तास उभी होते. पाय दुखत होते. पंधरा दिवसांच्या अटीबद्दल मला कुणी विचारलं नाही, तेही मी सांगितलं नाही.

"भरल्या बादल्या घेऊन कुणी सरळ चालतं होय?" अतुल म्हणाला, आणि बद्रीनाथरावांनासुद्धा हसू आलं.

निघताना अतुलने फारूखला गेटपर्यंत सोडलं. तिथं भामाबाई उभी होती, हॉस्पिटलला न्यायचा जेवणाचा डबा घेऊन, काय निघालं ते ऐकायला. तिच्या देखत अतुलने फारूखच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पठ्ठ्या, काम केलंस आपलं." मुद्दाम. मी गॅलरीतून बघत होते. भामाबाईने फारूखकडे जे बघितलं, ते मला वरूनही दिसलं. तिने घाटीत जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो कॉम्प्युटरवाला अतुलने फिरवला. साहेबरावने मानलं. न मानायला त्याच्याकडे दुसरं काय होतं?

खोली पुढच्या आठवड्यात रिकामी झाली. साहेबरावला घाटीतून परस्पर करमाडला नेलं, टेंपोत गादीवर घालून.

फारूखने मात्र सोडलं नव्हतं. त्या शनिवारीच त्याने डब्यातून डिस्क काढून, कापडात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली होती. "पुसलं म्हणजे गेलं नाही मॅडम. वरून नवं उतरलं नाही तोवर आत राहतं. पुण्यात एक जण काढून देतो. पण सोसायटीची डिस्क, तुमच्या लेटरहेडवर चिठ्ठी पाहिजे. मी स्वतः घेऊन जातो."

चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागली असती. तो सोमवारी आला. मी म्हणाले, अध्यक्षांना विचारते. गुरुवारी आला. माझ्याकडे वैजापूरहून पाहुणे आले होते, मी दार अर्धंच उघडलं. पुढच्या रविवारी मी त्याला सांगितलं की मला रोज रोज तगादा आवडत नाही. तो "सॉरी मॅडम" म्हणाला.

दरम्यान कॅमेरे बंद, म्हणून सोसायटीत ओरड सुरू झाली. कुणाच्या तरी सायकलची घंटी गेली. घंटी! बद्रीनाथरावांनी एक माणूस पाठवला. त्याने विचारलं, "मॅडम, डिस्क कुठंय?" मी कपाट दाखवलं. त्याने कापड सोडलं, डिस्क बसवली, डबा सुरू केला. मी तिथंच उभी होते. अडवायला एक वाक्य पुरलं असतं. मला दुपारी झोपायचं होतं.

तीन दिवसांनी सकाळी फारूख आला. पुण्याच्या गाडीचं तिकीट काढूनच आला होता. मी सांगितलं, डिस्क डब्यात आहे. तो मागच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "चालू झाला. वरून नवं उतरलं." मग खाली बसून चपला घालायला लागला, आणि घालता घालता बोलला.

"मॅडम, एक काम करा. दोन ओळी लिहून द्या. तो सरळ चालत होता, तुम्ही स्वतः बघितलं. तुमच्या सहीने. मी करमाडला नेऊन देतो त्याला."

"आता त्याचा काय उपयोग? खोली गेली."

"खोलीसाठी नाही मॅडम. त्याच्या घरात कुणाला तरी दाखवील. आणि... मला पण तिथं जायला तोंड होईल. तो समजतो मी विकला गेलो. मी आपला तसाच गेलो तर दारात उभा करणार नाही. तुमचा कागद असला तर बसवील."

"संध्याकाळी ये," मी म्हणाले.

संध्याकाळी तो आला. मी आतूनच सांगितलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही आला असावा, बेल वाजली होती. तोवर अतुलची ती थाप आमच्या भागात सगळीकडे पोचली होती. फारूख पैसे घेऊन पुरावे पुसतो, असं मी लावून दिलेल्या तीस घरांमधूनच लोक एकमेकांना सांगत होते. मलाही दोघांनी विचारलं. मी म्हणाले, मला काही माहीत नाही. त्याला बोलावणं हळूहळू बंद झालं. पुढच्या पावसाळ्यात त्याने स्कूटर विकली आणि पैठण गेटच्या त्या दुकानात उभा राहिला.

साहेबराव अजून आहे. कुबड्या घेऊन दारापर्यंत येतो म्हणे. करमाड इथून वीस-बावीस किलोमीटर असेल, जालना रोडला गाड्या दर दहा मिनिटांनी आहेत. लेटरहेडचं पॅड टेबलाच्या खणात आहे. सचिव अजून मीच आहे. फारूखने त्यानंतर पुन्हा मागितलं नाही, आणि मी त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत.